नर्सिंगला जाताय? पगारासोबत हेही विचारा: एका पाळीत पेशंट किती?

बारावीचा निकाल लागला की सातारा-सांगलीतल्या अनेक घरांत नर्सिंगचा विषय निघतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पगार किती?" तो चुकीचा नाही. फी भरायला कर्ज काढावं लागणार असेल तर पगार विचारायलाच हवा. पण नर्सचं रोजचं काम, तिची तब्येत आणि ती या नोकरीत किती वर्षं टिकेल, हे दुसऱ्या एका प्रश्नावर ठरतं: एका पाळीत तिच्याकडे पेशंट किती?

या भागाला नर्सिंग नवीन नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं आणि पुढे तिथे परिचारिकाही तयार होऊ लागल्या. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी त्यांच्याच नावाची. आज मिरज आणि सांगलीची सरकारी रुग्णालयं, साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, कराडचं कृष्णा हॉस्पिटल आणि गावोगावची छोटी नर्सिंग होम, इतक्या वेगवेगळ्या ठिकाणी इथल्या मुली आणि मुलं काम करतात.

एक पाळी कशी जाते?

अनेक सरकारी रुग्णालयांत सकाळची पाळी ८ ते २, दुपारची २ ते ८ आणि रात्रीची ८ ते सकाळी ८ अशी असते. आल्यावर आधी ओव्हर घ्यायची, म्हणजे आधीच्या सिस्टरकडून प्रत्येक पेशंटची माहिती घ्यायची. मग ताप, नाडी, बीपी, इंजेक्शनं, सलाईन, ड्रेसिंग. डॉक्टरांचा राउंड झाला की बदललेली औषधं लिहून घ्यायची, रक्ताचे नमुने पाठवायचे, औषधांचा इंडेंट भरायचा. मधेच नवा पेशंट येतो, कुणाचा डिस्चार्ज असतो, कुणाचे नातेवाईक चिडलेले असतात. शेवटी सगळं नोंदवून पुढच्या पाळीला ओव्हर द्यायची.

आता हिशोब करू. भारतीय परिचर्या परिषदेच्या जुन्या निकषांनुसार वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ आणि इतर रुग्णालयांत ५ रुग्णांमागे १ परिचारिका हवी. इथे अनेकांची गफलत होते. हा आकडा एकूण पदांचा आहे. पदं तीन पाळ्यांत वाटली की वॉर्डात एका वेळी एका परिचारिकेकडे ९ किंवा १५ रुग्ण येतात.

सहा तासांची पाळी म्हणजे ३६० मिनिटं. ९ रुग्ण असतील तर प्रत्येकाला ४० मिनिटं मिळतात, १५ असतील तर २४. पदं रिकामी असली किंवा कुणी रजेवर गेलं आणि हाच आकडा ३० झाला, तर उरतात १२ मिनिटं. त्यात लिहिण्याचं कामही आलं. चुकीच्या बाटलीला हात जाणं, कुणाचा श्वास वाढलाय हे उशिरा लक्षात येणं, अशा चुका या कमी पडलेल्या मिनिटांत होतात. म्हणून हा आकडा जितका नर्ससाठी महत्त्वाचा, तितकाच पेशंटसाठीही.

कोर्स कोणता?

मुख्य कोर्स तीन. एएनएम दोन वर्षांचा, फक्त मुलींसाठी, गावपातळीवरच्या कामासाठी. जीएनएम तीन वर्षांचा. बारावीला कोणतीही शाखा चालते. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. त्याला बारावी विज्ञान (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) आणि प्रवेशासाठी राज्याची सीईटी लागते. जीएनएम आणि बी.एस्सी.ला मुलांनाही प्रवेश आहे. जीएनएम झालेल्यांना पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं, त्यामुळे ती वाट बंद होत नाही.

कोर्स झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हवीच. म्हणून कॉलेज निवडताना दोन गोष्टी पाहा. मान्यता चालू आहे का, आणि प्रात्यक्षिकाच्या रुग्णालयात खरोखर पेशंट असतात का. रिकाम्या खाटांवर नर्सिंग शिकता येत नाही.

नोकरीच्या वाटा

सरकारी नोकरी: अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४०० रुपये, वर भत्ते. पुढे परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका अशी बढती. वॉर्ड मात्र भरलेले असतात आणि कायम पदाच्या भरतीची वाट पाहावी लागते. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली पदं कंत्राटी असतात. करार ठरावीक महिन्यांचा असतो. जाहिरातीत 'कायम' की 'कंत्राटी' हे आधी वाचा.

गावपातळीवरचं काम: जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविकेची श्रेणी २५,५०० ते ८१,१००. इथे पेशंटऐवजी लोकसंख्या मोजतात. सपाट भागात ५,००० आणि डोंगरी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. पण पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या वाड्यावस्त्यांवर ३,००० लोक म्हणजे किती चढउतार, हे तिथे फिरल्यावरच कळतं. जतसारख्या पसरलेल्या तालुक्यात अंतर हाच प्रश्न. लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, नोंदी आणि सर्वेक्षण हे रोजचं काम.

खासगी रुग्णालय: नोकरी लवकर मिळते, आयसीयू आणि ऑपरेशन थिएटरचं काम शिकायला मिळतं. पगारात मात्र मोठा फरक असतो. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली होती: २०० पेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात सरकारी नर्सइतका पगार द्यावा आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी तो २०,००० रुपयांपेक्षा कमी नसावा. ही शिफारस आहे, राज्यांनी ती लागू करायची असते. तरी मुलाखतीला जाताना हा आकडा माहीत असावा.

परदेश: फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. तिथे जायचं तर आधी जर्मन भाषा शिकावी लागते, आणि तो अभ्यास काही महिन्यांचा असतो. आखाती देशांत परवाना परीक्षा आणि बहुतेक ठिकाणी अनुभव मागतात. एजंटला पैसे देण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी तपासा.

रुजू होण्याआधी पाच प्रश्न

१. दिवसपाळीला आणि रात्रपाळीला एका नर्सकडे पेशंट किती?
२. महिन्यात रात्रपाळ्या किती, आणि त्यानंतर सुट्टी मिळते का?
३. नेमणूकपत्र लेखी आहे का, पीएफ कापतात का?
४. बाँड आहे का? मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतात का? (तपासायला दाखवा, ठेवायला झेरॉक्स द्या.)
५. रात्री पाळी सुटली किंवा लागली तर जाण्यायेण्याची सोय काय?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मुलाखतीत गोल फिरवून मिळालं, तर तिथल्याच एखाद्या सिस्टरला पाळी सुटताना गेटवर गाठा आणि विचारा. ती खरा आकडा सांगेल. दोन नोकऱ्यांत पगाराचा फरक दोन-तीन हजारांचा असेल आणि पेशंटचा फरक दुपटीचा, तर सुरुवातीची दोन वर्षं कमी पेशंटची जागा घेणं बहुतेक वेळा शहाणपणाचं ठरतं. काम नीट शिकायला तिथे वेळ मिळतो, आणि नंतर सरकारी भरती असो की जर्मनी, ते शिकलेलं कामच उपयोगी पडतं.