जागलीच्या वाटेवर बंदूक रिकामीच हवी

आखाडा बाळापूरच्या शिवारात सोयाबीन शेंगेला आले, तूर फुलोऱ्यात आली की शेतकऱ्याची रात्र घरात जात नाही. रानडुकरांचा कळप उभे पीक लोळवून जातो, रोही तुरीचे शेंडे खुडतात, आणि सकाळी बघायला उरतो तो नुसता तुडवलेला पट्टा. म्हणून माणसे जागलीला जातात आणि ज्यांच्याकडे पीकसंरक्षणाचा परवाना आहे ते बंदूक घेऊन जातात. हौसेची शिकार 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झाली आहे. मात्र पिकाचे नुकसान करणारे जनावर मारण्याची परवानगी त्याच कायद्याच्या कलम 11 खाली मिळू शकते. महाराष्ट्र सरकारने 2015मध्ये रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत अशा परवानगीची पद्धत ठरवून दिली. परवानगी कोणाला, किती जनावरांची, यावर गावोगाव चर्चा होते. पण घरातून निघताना नळीत काडतूस असावे की नसावे, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. माझे उत्तर स्पष्ट आहे: चालताना, चढताना, हातोहात देताना बंदूक रिकामीच हवी. बार भरायचा तो जागेवर बसल्यावर आणि जनावर नीट ओळखू येईल अशा ठिकाणीच.

असे म्हणण्याचे पहिले कारण बंदुकीच्या रचनेतच आहे. बारा बोअरच्या एकनळी किंवा दुनळी बंदुकीत चाप ओढला की घोडा सुटतो, टोचणी काडतुसाच्या बुडावर आदळते आणि बार उडतो. चापाला बोट न लागताही हे घडू शकते. अनेक दुनळी बंदुकांतली सेफ्टी फक्त चाप अडवते, आत ताणून बसलेल्या घोड्याला ती धरून ठेवत नाही. आतला खटका झिजलेला असला आणि बंदूक दगडावर आपटली, तर सेफ्टी लावलेली असूनही घोडा सुटू शकतो. ज्यांचा घोडा बाहेर दिसतो अशा जुन्या बंदुकांत धोका आणखी उघडा असतो, कारण ताणलेला घोडा हळूच उतरवताना घामेजला अंगठा निसटला तरी पुरे. नळीत काडतूसच नसेल तर यातल्या कोणत्याही चुकीने माणूस मरत नाही. बाकी सगळे उपाय यंत्रावर आणि माणसाच्या सावधपणावर भरवसा ठेवतात. रिकाम्या नळीला त्या भरवशाची गरजच पडत नाही.

दुसरे कारण आपल्या वाटांमध्ये आहे. पावसाळ्यानंतरची काळी जमीन पायाला धरते आणि पुढच्याच पावलाला घसरवते. वाटेत धुरे आहेत, तारेचे कुंपण आहे, ओढे-नाले आहेत आणि हे सगळे अंधारात ओलांडायचे असते. सर्वांत धोक्याची जागा म्हणजे माळ्याची, म्हणजे राखणीच्या मचाणाची, शिडी. एक हात बल्लीला गुंतलेला असतो, म्हणून खालचा माणूस दस्ता धरून बंदूक वर देतो आणि वरचा नळी धरून ती ओढून घेतो. त्या क्षणी नळीचे तोंड वरच्याच्या छातीकडे असते आणि चाप खालच्याच्या हाताजवळ. एखादी फांदी, पंच्याचे टोक किंवा कोपराचा धक्का एवढेही पुरेसे ठरते. जर्मनीत शिकारीला परवानगी आहे आणि मोठी परंपराही आहे. तिथल्या अपघात प्रतिबंधक नियमांत नेमका हाच क्षण हेरला आहे: प्रत्यक्ष शिकार चालू असतानाच बंदूक भरायची, मचाणावर चढता-उतरताना आणि अडथळा ओलांडताना नळी रिकामी ठेवायची. जिथे लोक पिढ्यान्‌पिढ्या उघडपणे शिकार करत आले, तिथे हा नियम करावा लागला, हे लक्षात घ्यायला हवे.

यावर पहिला आक्षेप असा की जनावर थांबत नाही. काडतूस भरेपर्यंत, नळी मिटल्याचा आवाज होईपर्यंत डुक्कर पसार होईल. कधी कधी होईलही. पण पिकाची राखण करणाऱ्याचा हेतू पीक वाचवणे हा आहे, आणि आवाजाने कळप पळाला तर त्या रात्रीचे काम झालेच. शिवाय माळ्यावर बसल्यानंतर बार भरायला माझी हरकत नाही, माझा आक्षेप वाटेवरच्या भरलेल्या बंदुकीला आहे. भरण्यासाठी लागणारे ते चार क्षण वाया जात नाहीत, कारण तेवढ्यातच समोरची हालचाल जनावराची की माणसाची हे पाहता येते. जानेवारी 2025च्या अखेरीस पालघर जिल्ह्यात मनोरजवळ बोरशेतीच्या जंगलात काही गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले होते. हालचाल दिसताच डुक्कर समजून एकाने गोळी झाडली आणि त्यांच्यातलाच एक माणूस मेला. रिकामी नळी ओळखण्यातली प्रत्येक चूक टाळील असे मी म्हणणार नाही, पण घाई आणि गोळी यांच्यामध्ये ती एक पायरी नक्की उभी करते.

दुसरा आक्षेप अनुभवाचा: नवख्याला नियम हवेत, मुरलेल्याला कशाला? 11 फेब्रुवारी 2006 रोजी टेक्सासमध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी यांनी उडत्या लाव्याचा माग घेत बंदूक वळवली आणि छर्रे हॅरी व्हिटिंग्टन या सहकाऱ्याच्या तोंडावर, मानेवर, छातीवर बसले. चेनी अनेक वर्षे शिकार करणारे होते. मुरलेल्या हाताला वेग येतो, पण वेगाबरोबर सुरक्षितता येतेच असे नाही. तिसरा आक्षेप जखमी डुकराचा आहे आणि तो खरा आहे. जखमी डुक्कर उलटून अंगावर येते, तेव्हा मागावर जाणाऱ्याची बंदूक भरलेली असावीच लागते. पण हा अपवादही बांधून घ्यावा: भरलेली बंदूक एकाच्याच हाती, तो सर्वांत पुढे आणि बाकीचे त्याच्या मागे. शक्य असेल तर उजाडेपर्यंत थांबलेले बरे.

सर्वांत अवघड प्रश्न ठासणीच्या बंदुकीचा आहे. 1959च्या शस्त्र कायद्याचे कलम 13 पीकसंरक्षणासाठी आधी ठासणीचीच बंदूक धरते, आणि ती पुरेशी नाही असे वाटल्यास परवाना अधिकारी दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देऊ शकतो. काडतुसाची बंदूक मोडली, म्हणजे नळी उघडली, की ती रिकामी आहे हे दुरूनही दिसते. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छर्रे एकदा ठासले की सहज बाहेर निघत नाहीत. बार पेटवणारी टोपी काढून ठेवता येते, पण बार आतच राहतो आणि सकाळी तीच बंदूक घरात भिंतीला टेकते. म्हणून ठासणीची बंदूक घरी ठासूच नये, माळ्यावर पोहोचल्यावर ठासावी, टोपी शेवटी लावावी, आणि बार वापरला गेला नाही तर तो मोकळ्या, सुरक्षित दिशेला काढूनच उतरावे. पुरेशी कोणती हे ठरवताना परवाना अधिकाऱ्यांनी माऱ्याबरोबर ही सुरक्षितताही विचारात घ्यायला हवी.

2016च्या शस्त्र नियमांत सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. ते प्रशिक्षण तालुक्याच्या ठिकाणी, हंगामापूर्वी, शेतकऱ्याच्या स्वतःच्या बंदुकीवर व्हावे. तोवर प्रत्येक परवानाधारकाने एवढे तरी पाळावे: काडतूस खिशात, नळी मोडलेली, आणि चढण्याआधी ती सोबत्याला उघडून दाखवायची. बुडालेल्या पिकाची भरपाई मागता येते, वाटेत गेलेल्या माणसाची मागता येत नाही.