पाहणी करणारे निघून गेल्यावर

आपल्याकडे तुरुंगांची पाहणी होतच नाही, असे नाही. अभ्यागत मंडळाची सोय इंग्रजी अमदानीपासून आहे. न्यायाधीश, जिल्हाधिकारी यांच्यासारखे पदसिद्ध सदस्य आणि काही अशासकीय सदस्य यांनी बराकी, मुदपाकखाना, दवाखाना पाहावा, तक्रारी ऐकाव्यात आणि शेरे लिहावेत, अशी अपेक्षा असते. माझा प्रश्न एवढाच आहे, की अशा पाहणीत कैदी खरे का बोलेल? पाहुणा तासाभरात बाहेर पडतो. बोलणारा त्याच पहारेकऱ्यांच्या हाताखाली मागे राहतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला मुंबईच्याच एका खटल्याचा सर्वांत जास्त उपयोग झाला. मे १९८२ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात पंधरा महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाली, असे त्यांपैकी पाच जणींनी सांगितले. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. ‘निर्मला निकेतन’ या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांना तुरुंगात जाऊन चौकशी करण्यास सांगण्यात आले. आदेशात एक अट होती : मुलाखतीच्या वेळी दुसरे कोणीही हजर असू नये.

मला या अटीत साऱ्या विषयाचे मर्म दिसते. देसाई गेल्या होत्या छळाची चौकशी करायला. पण एकांत मिळाल्यावर बायका त्यापलीकडचेही बोलल्या. कायदेशीर मदतीची पुरेशी व्यवस्थाच नव्हती. फीपोटी म्हणून एका वकिलाने आपले जवळजवळ निम्मे सामान आणि दागिने लुबाडले, अशी तक्रार दोन परदेशी महिलांनी केली. तपासणी-पत्रकात अशा गोष्टींसाठी रकाना नसतो. १५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालात महिलांसाठी वेगळी कोठडी, महिला पोलिसांचा पहारा आणि कायदेशीर मदत यांबरोबरच, मुंबईतील कोठड्यांना सत्र न्यायाधीशाने पूर्वसूचना न देता वेळोवेळी भेट द्यावी, असाही आदेश आला.

एकांत, अचानकपणा आणि पुन्हा येणे, ही त्रिसूत्री जगात इतरत्रही सापडते. युद्धकैद्यांना एकांतात भेटायचे आणि पुन्हा भेटायचे, ही रेडक्रॉसची जुनी रीत. तिच्यावरून स्वित्झर्लंडच्या जाँ-जाक गोतिए यांना कल्पना सुचली, की छळ झाल्यावर चौकशी करण्यापेक्षा, छळ होऊ नये म्हणून सर्वच कोठड्या बाहेरच्या माणसांसाठी उघड्या ठेवाव्यात. त्यासाठी त्यांनी १९७७ मध्ये जिनिव्हात संस्था काढली. १९८७ मध्ये युरोपने तसा करार केला आणि २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने छळविरोधी कराराला तशी पुरवणी जोडली. या पुरवणीचे वैशिष्ट्य असे, की पाहणाऱ्याला माहिती दिली म्हणून कैद्याला त्रास देणे तिने निषिद्ध ठरवले.

भारताने मूळ करारावर १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अनुसमर्थन दिलेले नाही. त्यामुळे पुरवणीचा दरवाजाही बंदच आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला तुरुंगात जाण्यापूर्वी राज्य सरकारला कळवावे लागे. २००६ च्या दुरुस्तीने ती अट गेली. पण भेटीनंतर आयोग शिफारस करू शकतो, हुकूम नाही.

जून २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात एका कैदी महिलेचा मृत्यू झाला आणि सहा महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. त्या वेळी आतल्या बायका निषेध करत छतावर चढल्या होत्या. छतावर चढून ओरडल्याशिवाय आवाज बाहेर जात नसेल, तर भिंतीआड शेरे लिहिण्याची वही असूनही उपयोग काय? म्हणून कोणत्याही पाहणीचा अहवाल हाती आला, की मी त्यात आधी दोन गोष्टी शोधतो : कैद्यांशी बोलताना जवळ कोण उभे होते, आणि जे बोलले त्यांना भेटायला पुन्हा कोणी गेले का?