जुन्या गाडीचा सायलेन्सर बदलतांना नट-बोल्ट कोणते घ्यावे

भाजीपाला, दूध, बी-बियाणें व खताचीं पोतीं यांची ने-आण करण्यासाठीं जुनी व्हॅन बाळगणारे शेतकरी आतां गांवोगांवीं आढळतात. अशा गाडीचा सायलेन्सर गंजून फुटला कीं नवा आणला जातो; त्याची किंमत, पत्र्याची जाडी व मिस्त्र्याची मजुरी यांची चौकशीहि होते. परंतु तो ज्या आठ-दहा नट-बोल्टांनीं बसवावयाचा, त्यांचा विचार सहसा होत नाहीं. डब्यांत जे हातीं लागतील ते लावले जातात. ह्या दुर्लक्षाचे परिणाम दोन प्रकारचे असून दोन्ही महाग पडतात. म्हणून हा विषय येथें थोड्या विस्तारानें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिला परिणाम पैशाचा. गंजून जाम झालेला नट उकलतांना इंजिनाच्या हेडमधील स्टड मोडला, तर क्षुल्लक किमतीच्या नटापायीं हेड उतरवून वर्कशॉपांत न्यावें लागतें. दुसरा परिणाम जिवाचा. सांधा सैल राहिला तर त्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु बाहेर पडतो. त्यास रंग नाहीं व वासहि नाहीं. डोकें जड होणें, घेरी येणें, गुंगी येणें हीं त्याचीं लक्षणें प्रवासाच्या शिणावर घातलीं जातात. १९८४ सालीं निघालेल्या व २०१९ सालीं उत्पादन थांबलेल्या मारुतीच्या व्हॅनमध्यें इंजिन पुढील बैठकीखालींच असतें. तेव्हां इंजिनाजवळची गळती ही चालविणाऱ्याच्या आसनाखालची गळती होय.

उष्णता सर्वत्र सारखी नसते

निवडीचें मुख्य सूत्र असें कीं, नट-बोल्ट गाडी पाहून नव्हे तर जागा पाहून घ्यावे. पेट्रोल इंजिन भाराखालीं चालत असतां मॅनिफोल्डजवळ धुराचें तापमान ६०० ते ८०० अंश सेंटिग्रेडपर्यंत जातें. पाइपांतून मागें जातां जातां तें पुष्कळच उतरतें. म्हणून एकाच सायलेन्सरचे तीन भाग मानून प्रत्येकाचा निराळा विचार करावा.

इंजिनाजवळील सांधा. येथें स्टड कायमचा व नट बदलावयाचा, हें तत्त्व ध्यानांत धरावें. बिघाड व्हावयाचाच असेल तर तो नटाचा व्हावा, स्टडचा होऊं नये. याकरितां पितळेचे किंवा तांब्याचा मुलामा दिलेले पोलादी नट वापरतात. पितळ पोलादी स्टडशीं गंजून एकजीव होत नाहीं व जोर लावल्यास तिचेच आटे आधीं जातात. मात्र ती पोलादापेक्षां नरम असल्यानें नट उंच घ्यावा. ८ मिलिमीटरच्या स्टडला सुमारें १२ मिलिमीटर उंचीचा नट योग्य. कारखान्यानें मूळचे तांबें चढविलेले पोलादी नट दिले असतील तर तसेच पुनः लावावे.

ह्या जागीं तीन वस्तु वर्ज्य होत. नायलॉनचें कडें असलेला नट येथें निरुपयोगी; नायलॉन २६० अंशांच्या आंतबाहेर वितळतें व त्याच्या कितीतरी आधीं मऊ पडतें. साधा स्प्रिंग वायसर तापून आपला ताठरपणा गमावतो. आणि जस्ताच्या मुलाम्यावर भरंवसा ठेवूं नये, कारण जस्त ४१९ अंशांस वितळतें. जुन्या गाड्यांच्या बोल्टांवर क्वचित् कॅडमियमचा मुलामा असतो. त्याची वाफ विषारी असल्यानें जुना जाम नट गॅसच्या ज्योतीनें तापवावयाचा झाल्यास तें काम उघड्या हवेंत व अनुभवी मिस्त्र्याकडूनच करवावें.

मधला सांधा. कांहीं गाड्यांत येथें गोलसर गॅस्केट व त्यावर स्प्रिंगा घातलेले दोन बोल्ट असतात. ह्या बोल्टांना मध्यें खांदा असतो. त्यामुळें ते ठराविक मर्यादेपलीकडे आवळले जात नाहींत. इंजिन हलतें त्या वेळीं हा सांधा थोडा वांकावा, अशीच ती योजना आहे. स्प्रिंगा काढून तेथें साधे बोल्ट घट्ट आवळल्यास ती हालचाल पाइपावर येते व थोड्याच दिवसांत पाइपाला चीर पडते. तेव्हां बोल्ट गंजले असल्यास त्याच मापाचे नवे खांद्याचे बोल्ट व स्प्रिंगा आणाव्या.

मागील भाग. येथील क्लॅम्प व रबरी टांगण्या यांस जस्ताचा मुलामा दिलेले साधे पोलादी बोल्ट पुरतात. पाइपापासून दूर, चेसीकडील बाजूस नायलॉनचा नटहि चालतो. क्लॅम्प घेतांना इंग्रजी यू अक्षरासारखा घेण्यापेक्षां रुंद पट्टीचा घ्यावा. पहिला पाइपास चेपतो व पुढें तो पाइप सोडवितां येत नाहीं; पट्टीच्या क्लॅम्पनें पाइपाचा गोलपणा राहतो.

बोल्टाच्या डोक्यावरील आंकडे

चांगल्या बोल्टाच्या डोक्यावर ८.८, १०.९ किंवा १२.९ असा आंकडा असतो. ८.८ चा अर्थ असा: दर चौरस मिलिमीटरास ८०० न्यूटन ताण पडेपर्यंत तो तुटत नाहीं व त्याच्या दहांत आठ हिश्शांपर्यंत, म्हणजे ६४० पर्यंत, कायमचा ताणला जात नाहीं. आंकडा मोठा तितका बोल्ट चांगला, असा समज आहे. परंतु हें बळ पोलादास पाणी देऊन आणलेलें असतें व अति उष्णतेनें तें उतरतें. सायलेन्सरच्या कामास ८.८ पुरेसा आहे. वरच्या प्रतीस अधिक पैसे देण्याचें कारण नाहीं.

स्टेनलेस पोलादाच्या बोल्टावर ए२ किंवा ए४ अशी खूण असते. तें गंजत नाहीं, म्हणून मधल्या व मागील भागास उत्तम. परंतु त्याचे दोन दोष जाणून असावे. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्याच बोल्टावर कोरडा आवळल्यास आटे एकमेकांस चिकटून बसतात. शिवाय तें तापल्यावर साध्या पोलादाच्या सुमारें दीडपट प्रसरण पावतें, त्यामुळें इंजिनाजवळील सांधा तापल्यावर सैल पडण्याचा संभव असतो.

आटे जुळतात काय?

विलिस घाटणीच्या जुन्या जीपचे आटे इंची असतात, पुढील काळांतील व्हॅनचे मिलिमीटरी. पांच-सोळांश इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, त्यामुळें ८ मिलिमीटरचा नट त्यावर दोन फेरे सहज जातो आणि मग अडतो. येथें पान्याचा जोर केल्यास दोन्ही आटे मरतात. नट शेवटपर्यंत बोटांनींच फिरला पाहिजे, हीच खरी परीक्षा.

काढणें व बसविणें

जुन्या नटांवर आदले रात्रीं गंज सोडविणारें तेल सोडावें. तरीहि न सुटल्यास छिन्नीनें नट फोडावा, पण स्टड वांचवावा. अनेक इंजिनांचें हेड ॲल्युमिनियमचें असतें व त्यांतील आटे नाजूक असतात. स्टडचे आटे तारेच्या ब्रशानें साफ करून त्यांवर तांब्याचें ग्रीस अगदीं पातळ लावावें. ग्रीस लावल्यावर तोच नट कमी जोरानें तितकाच आवळला जातो. ८ मिलिमीटरच्या ८.८ बोल्टास कोरडा असतां सुमारें २५ न्यूटन-मीटर जोर लागतो, ग्रीसवर तो पांचव्या हिश्शानें कमी करावा. पितळेच्या नटास त्याहूनहि कमी.

सर्व सांधे प्रथम सैल जोडून पाइप सरळ बसला कीं नाहीं तें पाहावें, नंतर इंजिनाकडून मागें आवळीत जावें. गॅस्केट नवेंच घालावें. थंड इंजिन सुरू करून सांध्यांवर साबणाचें पाणी शिंपडावें. बुडबुडे आले तर गळती आहे असें समजावें. ही तपासणी उघड्यावर करावी, बंद छपरींत कदापि करूं नये. शंभरएक किलोमीटर गाडी चालल्यावर, इंजिन थंड असतां, स्प्रिंगा असलेले बोल्ट वगळून बाकीचे नट एकदां पुनः तपासावे.

दुकानांत जातांना जुना नट व बोल्ट बरोबर न्यावा आणि तीन जागांची तीन निराळी यादी करावी. इंजिनाजवळ पितळ किंवा तांबें चढविलेला नट, मध्यें मूळच्या मापाचे खांद्याचे बोल्ट, मागें जस्ती अथवा स्टेनलेस. एवढें केलें असतां पुढील वेळीं हाच सायलेन्सर हातपान्यानें उतरतो, आणि तोंवर गाडीत बसणाऱ्यांच्या श्वासांत धूर जात नाहीं.