शंभर रेषा पुरतात

वेला तारकासमूहातला गॅमा हा तारा लंडनहून कधीच उगवताना दिसत नाही. आमच्या सावरगावातून तो फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, रात्री दहाच्या सुमारास, दक्षिणेला 21 अंशांवर येतो. अगस्तीच्या डावीकडे, थोडा वर. नुसत्या डोळ्यांना साधा ठळक तारा. पण त्याचा प्रकाश वर्णपटात पसरवला की नेहमीच्या काळ्या रेषांऐवजी 4650 आणि 5800 अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या आसपास रुंद, तेजस्वी पट्टे उभे राहतात. हा वुल्फ-रायेट तारा. अंगावरचा वायू सेकंदाला हजार किलोमीटरहून अधिक वेगाने बाहेर फेकतो. त्या जातीतला आकाशात सर्वांत ठळक दिसणारा तारा हाच, आणि तो दाखवायला वर्णपटमापकांतलं सर्वांत साधं साधन पुरतं.

मी जाम नदीपलीकडे पांढुर्ण्यात शाळेत विज्ञान शिकवते. घराच्या गच्चीवर सहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण आहे. चंद्र, शनीची कडी, गुरूचे उपग्रह बघून झाले की दुर्बीणवाले मला विचारतात, "मॅडम, वर्णपटासाठी काय घ्यावं?" आणि बहुतेकांना जास्त विभेदनाचं यंत्र हवं असतं. मला वाटतं, आधी प्रश्न ठरवावा, यंत्र मग.

विभेदन म्हणजे किती जवळच्या दोन तरंगलांबी वेगळ्या दिसतात ते. तरंगलांबीला त्या अंतराने भागलं की आकडा मिळतो. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा 5890 अँगस्ट्रॉमपाशी, एकमेकींपासून 6 अँगस्ट्रॉमवर. त्या सुट्या करायला सुमारे 1000 हवं. ताऱ्याचा सेकंदाला 30 किलोमीटरचा वेग मोजायचा तर रेष दहा हजारांत एका भागाने सरकते, म्हणजे काम फारच बारीक. उलट पहिल्या प्रकारच्या अतिनवताऱ्यात, टाइप वन-ए म्हणतात त्यात, सिलिकॉनची 6355ची रेष 6150च्या आसपास सरकलेली असते, कारण वायू सेकंदाला दहा हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने आपल्याकडे येत असतो. दोनशे अँगस्ट्रॉमचं हे सरकणं पाहायला शंभराचं विभेदनही भरपूर. कमी विभेदन म्हणजे कमी विज्ञान, असं अजिबात नाही. उलट प्रकाश जितका कमी पसरवाल, तितका मंद तारा लहान दुर्बिणीत पकडता येतो.

पुण्यात हाच प्रश्न सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका माणसाने दुसऱ्या टोकाने सोडवला. कावसजी दादाभाई नेगमवाला, सायन्स कॉलेजचे प्राध्यापक. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेत 20 इंची परावर्तक दुर्बीण त्यांच्या हाती होती. मृगातल्या तेजोमेघाची हिरवी रेष मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड आहे, असं नॉर्मन लॉकियर म्हणत होते. कड असेल तर ती एका बाजूला विरत जाईल. स्वतंत्र रेष असेल तर बारीक, धारदार राहील. नेगमवालांना ती धारदारच दिसली, 1891 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. अशा प्रश्नाला जास्त विभेदनाशिवाय गत्यंतर नव्हतं. (याच लॉकियरांनी विजयदुर्गावरून हेलियम शोधला, असं आपल्याकडे सांगतात. ते 1868 मध्ये इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गाला आले ते जानेवारी 1898च्या ग्रहणाला. नेगमवाला त्याच ग्रहणाला जेऊरला होते. ते नाव मात्र आपण विसरलो, याचं मला खरंच वाईट वाटतं.)

आता खरेदीकडे. स्टार अ‍ॅनालायझर 100 ही सव्वा इंची फिल्टरसारखी चकती, आत मिलिमीटरला 100 रेषांचं ग्रेटिंग. कॅमेऱ्याच्या नळीला ती फिरवून बसवायची. ताऱ्याचा बिंदू एका बाजूला, वर्णपट दुसऱ्या बाजूला. 200 रेषांचीही मिळते आणि दुप्पट म्हणून लोक तीच मागतात. आधी सेन्सर मोजा. माझ्या छोट्या कॅमेऱ्याचा सेन्सर 4.8 मिलिमीटर लांब, पिक्सेल 3.75 मायक्रॉन. ग्रेटिंग सेन्सरपासून 60 मिलिमीटरवर ठेवलं, तर 100 रेषांचा वर्णपट ताऱ्याच्या बिंदूपासून 7000 अँगस्ट्रॉमपर्यंत 4.2 मिलिमीटरमध्ये मावतो. प्रत्येक पिक्सेलला 6.25 अँगस्ट्रॉम. 200 रेषांना 8.4 मिलिमीटर लागतील, म्हणजे बिंदू चौकटीत ठेवला तर जवळपास सगळा दृश्य वर्णपट बाहेर. फिल्टरव्हीलमुळे ग्रेटिंग सेन्सरच्या अगदी जवळ बसवावं लागत असेल, तरच 200चं घ्यावं. कॅमेरा शक्यतो मोनोक्रोम.

मोजपट्टी आकाशातच आहे. व्याधाचा वर्णपट घ्या. हायड्रोजनची 4861ची रेष बिंदूपासून साधारण 778व्या पिक्सेलवर सापडायला हवी. ती जिथे सापडेल त्यावरून खरं अंतर काढा. डॉब्सोनियनला मोटर नसली तरी बिघडत नाही: पूर्व-पश्चिमेला सरकणाऱ्या ताऱ्याशी काटकोनात वर्णपट येईल असं ग्रेटिंग फिरवा, मग ताऱ्याच्या सरकण्यानेच तो रुंद होतो आणि रेषा ठसठशीत दिसतात. ठळक ताऱ्यांना एवढं पुरतं. कॅमेराही नसेल तर ज्येष्ठा किंवा काक्षी नेत्रिकेतून पाहा. टायटॅनियम ऑक्साइडचे जाड पट्टे डोळ्यांनाही कळतात.

फट नसलेल्या या ग्रेटिंगचं खरं दुबळेपण आमच्या गच्चीवर रोज जाणवतं. नदीपलीकडचा शहराचा उजेड सगळ्या वर्णपटावर सांडतो. त्यातून चंद्र, तेजोमेघ, गुरूसारख्या पसरट वस्तूंचा वर्णपट ओळखूही येत नाही, कारण वस्तूची रुंदी आणि रंग एकमेकांत मिसळतात. युरेनस, नेपच्यूनचे इवले बिंदू चालतात, त्यांतले मिथेनचे पट्टे दिसतात. पसरट वस्तूंसाठी, किंवा शहरातून मंद तारे पाहायचे असतील तर, फट असलेला आल्पी 600 सारखा वर्णपटमापक घ्यावा. विभेदन सुमारे 600, पण किंमत कित्येक पट, आणि ताऱ्याला त्या बारीक फटीवर धरून ठेवायला मोटरवाली, नेमकी माग काढणारी बैठक हवी. ती बैठक नसेल तर तो पेटीतच पडून राहतो.

म्हणून मी विद्यार्थ्यांच्या पालकांना 100चीच चकती सांगते. त्याआधी, काही पैसे न खर्चता, खोक्याला बारीक फट पाडून आत जुनी सीडी तिरकी लावा. एक मिलिमीटरमध्ये 625 रेषा सीडीवर आयत्याच असतात. फट सूर्याकडे नव्हे, उजळ आकाशाकडे रोखा. सूर्याच्या काळ्या रेषा दिसू लागतात.

या वर्षी माझ्या वहीत पहिलं नाव आहे उत्तर मुकुटातल्या टी ताऱ्याचं. तो 1866 आणि 1946 मध्ये उसळला होता. 1866 ला विल्यम हगिन्स यांनी त्याच्या वर्णपटात हायड्रोजनच्या चमकत्या रेषा पाहिल्या. एरवी तो दहाव्या प्रतीचा, माझ्या दुर्बिणीवरच्या ग्रेटिंगला जवळपास न पकडता येणारा. उसळला की दुसऱ्या प्रतीपर्यंत जातो. त्याच्या शेजारच्या आल्फाचा, त्या मुकुटातल्या सर्वांत ठळक ताऱ्याचा, वर्णपट मी आधीच घेऊन ठेवला आहे, म्हणजे टी पुन्हा उसळेल त्या रात्री मोजपट्टी लावण्यात वेळ जाणार नाही.