छोट्या विमानास रंग देतांना

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्हीं हरिकेन विमानाची एक प्रतिकृति जुळवावयास घेतली. इ. स. १९४४ सालीं इंफाळच्या लढाईंत भारतीय वायुदलाच्या पहिल्या स्क्वाड्रननें हींच विमानें वापरलीं होतीं. प्रतिकृति मूळ विमानाच्या बहात्तरांश. पंखांचा एकूण विस्तार अवघा १७ सेंटिमीटर. जुळणी चांगली साधली. सांधे घासून एकसारखे केले, खुर्चींत वैमानिकही बसविला. मग रंगाची वेळ आली आणि आमची फजिती झाली. 'ॲक्रिलिक' असें लिहिलेल्या एका बाटलींतील रंगांत, दुसऱ्या एका ॲक्रिलिक रंगास तें चालतें एवढ्याच आधारावर, आम्हीं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळलें. पाहतां पाहतां पेल्यांतील रंग नासलेल्या दुधासारखा फाटला. त्याच्या गुठळ्या एअरब्रशच्या तोंडांत जाऊन बसल्या, कांहीं विमानाच्या पंखावर उडाल्या, आणि दोन प्रहरचा सगळा वेळ घासण्यापुसण्यांत गेला. आमच्या वाचकांत अशा प्रतिकृति करणारे विद्यार्थी आतां थोडे नाहींत, आणि या रंगांची एकेक बाटली पालकांच्या खिशास जाणवावी इतकी महाग असते. म्हणून त्या दिवशीं आम्हांस जें उमगलें तें येथें मांडतों.

कोणत्याही रंगांत मुख्यतः तीन वस्तु असतात: रंगद्रव्याची बारीक पूड, ती पूड पृष्ठभागास धरून ठेवणारें राळेसारखें द्रव्य, आणि या दोहोंस वाहून नेणारा द्रव. 'ॲक्रिलिक' हें नांव यांपैकीं मधल्या वस्तूचें आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो रोम यानें इ. स. १९०१ मध्यें ट्यूबिंगेन येथें याच जातीच्या द्रव्यांवर आपला प्रबंध लिहिला होता. पाण्यांत मिसळलेले ॲक्रिलिक रंग मात्र त्यानंतर अर्ध्या शतकानें प्रचारांत आले. तेव्हां बाटलीवरील शब्द राळेची जात सांगतो. वाहक द्रव कोणता, याविषयीं तो अवाक्षर काढीत नाहीं. आणि रंग पातळ करावयाचा म्हणजे त्या वाहक द्रवांतच भर घालावयाची! आमची चूक झाली ती नेमकी येथें.

प्रतिकृतींच्या रंगांत तीन जाती प्रामुख्यानें आढळतात. पहिलींत वाहक पाणी असतें. स्पेन देशांतील व्हॅलेहो कंपनीचे थेंबथेंब पडणाऱ्या बाटल्यांतील रंग या जातीचे होत. दुधांत स्निग्धांशाचे सूक्ष्म कण तरंगतात तसे यांत राळेचे कण पाण्यांत तरंगत असतात. पाणी उडून गेलें कीं ते कण एकमेकांस भिडतात, एकजीव होतात व त्यांची पातळ त्वचा बनते. ही त्वचा एकदां धरली म्हणजे पाण्यानें पुन्हां विरघळत नाहीं. दुधांत लिंबू पिळावें तसें अशा रंगांत अल्कोहोल पडलें म्हणजे कणांचा तोल बिघडतो व ते गोळा होतात. दुसरी जात जपानांतील शिझुओका येथील तामिया कंपनीच्या रंगांची. यांत अल्कोहोल वर्गांतील द्रव असतात. हा रंग पाण्यांत मिसळतो हें खरें, परंतु एअरब्रशमधून तो निर्वेध वाहतो तो कंपनीच्या एक्स-२०ए या थिनरनें किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलनें. तिसरी जात 'मिस्टर कलर' या जपानी रंगांसारख्या लॅकरांची. राळ ॲक्रिलिकच, पण ती उग्र द्रवांत विरघळलेली. तेथें पाण्याचें कांहीं काम नाहीं. यावरून एकच साधा नियम निघतो: आधीं त्या रंगाचा थिनर कोणता हें पाहावें, मग रंग विकत घ्यावा. बहुतेक विद्यार्थी छटा पाहून बाटली निवडतात व थिनरची आठवण घरीं आल्यावर करतात.

कोणी विचारील, एवढा खटाटोप कशास? कुंचल्यानें जाड रंग फासला तर काय बिघडलें? त्याचें उत्तर गणितांत आहे. रंगाचा थर एक मिलीमीटरचा केवळ दहावा हिस्सा जाड बसला असें धरूं. बहात्तरांश प्रमाणांत त्याचा अर्थ असा कीं, खऱ्या विमानावर ७.२ मिलीमीटर जाडीचें लिंपण झालें! मग पत्र्यांच्या सांध्यांच्या ज्या नाजूक रेषा कारखान्यानें परिश्रमानें कोरल्या, त्या बुजून जातात. पातळ रंगाचे तीन चार हलके हात द्यावे आणि प्रत्येक हात वाळूं द्यावा, यांतील मर्म हेंच.

एअरब्रशमध्यें दाबाखालील हवा सुईच्या टोकाजवळून वेगानें जाते, तिच्या ओढीनें रंग बाहेर येतो व त्याचे तुषार होतात. ज्या छिद्रांतून तो येतो तें बहुधा ०.२ ते ०.५ मिलीमीटर रुंद असतें, नवशिक्यानें ०.३ चें किंवा त्याहून थोडें मोठें घ्यावें. एवढ्याशा छिद्रांतून जाणारा रंग किती पातळ हवा? पुष्कळ जण 'दुधाइतका' म्हणतात. पण गवळ्यागवळ्याचें दूध निराळें असतें! आमची कसोटी अशी: रंग पेल्याच्या भिंतीवर काडीनें ओढावा, तो खालीं ओघळून मागें पारदर्शक झांक राहिली तर ठीक, जाड सायीसारखा चिकटून राहिला तर आणखी थिनर हवा, आणि भिंतीवर कांहींच राहिलें नाहीं तर प्रमाण हुकलें. तामियाच्या रंगास आम्ही आरंभीं समभाग थिनर घालतों. व्हॅलेहोचे 'मॉडेल एअर' रंग मुळांतच पातळ असतात, त्यांस थोडे थेंब पुरतात. 'मॉडेल कलर' मात्र कुंचल्यासाठीं दाट केलेले असल्यामुळें अधिक लागतें. तेथें नुसत्या पाण्याचा सढळ वापर करूं नये. राळ विरळ झाली म्हणजे त्वचा दुबळी बनते व नखानेंही निघते. शिवाय पाणी प्लास्टिकवर अळवाच्या पानावरल्याप्रमाणें थेंब धरून बसतें. कंपनीचा थिनर वापरावा, आणि पाणी घालणेंच झालें तर नळाचें क्षारयुक्त पाणी न घेतां गाडीच्या बॅटरींत घालण्यासाठीं मिळतें तें शुद्ध पाणी घ्यावें.

हवेचा दाब १५ ते २० पौंड ठेवावा, म्हणजे मोटारीच्या चाकांत भरतात त्याच्या सुमारें निम्मा. रंग जाड असून दाब कमी पडला तर ठिपके उडतात. रंग फार पातळ असून दाब अधिक झाला तर पृष्ठभागावर कोळ्याच्या पायांसारखे फांटे फुटतात. फार दुरून मारल्यास तुषार वाटेंतच वाळतात आणि विमान धुळीनें माखल्यासारखें खरखरीत होतें.

परदेशीं पुस्तकांत दिलेलीं प्रमाणें आपल्या हवेस जशींच्या तशीं लागू पडत नाहींत. देशावर मे महिन्यांत पाण्याचा रंग सुईच्या टोकावरच सुकतो; दर कांहीं मिनिटांनीं थिनरनें ओला केलेला कापसाचा बोळा टोकावरून फिरवावा लागतो. अशा वेळीं वाळणें मंद करणारें द्रव्य, ज्यास रिटार्डर म्हणतात, त्याचा एखादा थेंब उपयोगीं पडतो. कोंकणांत श्रावणाच्या दिवसांत स्थिति नेमकी उलट. वरून वाळलेला दिसणारा रंग दुसऱ्या दिवशींही बोटाचा ठसा घेतो, व त्यावर चिकटपट्टी लावली तर तिच्याबरोबर उचलून येतो. लॅकरावर तर दमट हवेंत पांढुरकी झांकही चढते. तेव्हां पावसाळ्यांत दोन रंगांमध्यें पुरा दिवस जाऊं द्यावा.

विद्यार्थ्यानें कोणती जात घ्यावी? एअरब्रशमधून सर्वांत बिनतक्रार जाते ती दुसरी, हें आम्ही मान्य करतों. तथापि लहान घरांत, जेथें त्याच खोलींत धाकटीं भावंडें निजतात, तेथें आम्ही पहिलीच सुचवूं. तिच्याखालीं प्रायमरचा एक हात अवश्य द्यावा, नाहींतर ती प्लास्टिकवर नीट धरत नाहीं. लॅकराचा हट्ट शालेय वयांत पुरवूं नये.

येथें पालकांस विशेष सांगावयाचें आहे. 'पाण्याचा रंग, त्यास काय भ्यावयाचें?' असें समजूं नये. कुंचल्यावर असलेला रंग कुंचल्यावरच राहतो; एअरब्रशचे तुषार हवेंत तरंगतात आणि श्वासावाटे फुप्फुसांत जातात. म्हणून कोणत्याही जातीचा रंग असो, खिडकी उघडी व तोंडानाकावर धुळीचे सूक्ष्म कण अडविणारा घट्ट मुखवटा हवाच. अल्कोहोल किंवा लॅकराची वाफ अशा मुखवट्यानें अडत नाहीं; तिला सक्रिय कोळशाची डबी असलेला मुखवटा लागतो. हे द्रव ज्वालाग्राही आहेत. देवघरांतील समई, उदबत्ती किंवा स्वयंपाकाची शेगडी जवळ पेटलेली असतां बाटली उघडूं देऊं नये.

आमच्या हरिकेनचें पुढें काय झालें? गुठळ्या बसलेला पंख ओल्या फडक्यानें पुसला, वाळल्यावर बारीक पॉलिश कागदानें घासला आणि पुन्हां प्रायमर दिला. नंतर त्याच बाटलींतील रंगांत त्याच कंपनीचा थिनर घालून मातकट रंगाचे तीन हात व त्यावर हिरवे पट्टे दिले. डाव्या पंखावर एक खडबडीत जागा अजून बोटास लागते. एअरब्रश मात्र वांचला. त्याची सुई काढून पुसल्यावांचून आतां आम्ही दुसऱ्या रंगाची बाटली उघडीत नाहीं.