केव्हिन बोआटेंग मैदान सोडतो तेव्हा

इटलीत मिलान शहराजवळ बुस्तो आर्सिझिओ नावाचे एक छोटे शहर आहे. ३ जानेवारी २०१३ रोजी तिथे फुटबॉलचा मैत्रीचा सामना चालू होता. एका बाजूला ए. सी. मिलान हा युरोपातला नावाजलेला क्लब, दुसऱ्या बाजूला चौथ्या श्रेणीतला स्थानिक प्रो पात्रिया. मिलानच्या काळ्या खेळाडूंच्या पायात चेंडू आला की प्रेक्षकांतले एक टोळके माकडासारखे आवाज काढी. २६ मिनिटे झाली. मग मिलानच्या मधल्या फळीतल्या एका खेळाडूने चेंडू हातात उचलला, त्या टोळक्याच्या दिशेने जोरात लाथाडला, अंगातला शर्ट काढला आणि तो मैदानाबाहेर चालू लागला. त्याला थांबवायचा प्रयत्न झाला, पण तो थांबला नाही.

महत्त्वाचे म्हणजे तो एकटा गेला नाही. कर्णधार मासिमो आंब्रोझिनीसह सगळा संघ, गोरे आणि काळे, त्याच्यामागून आत गेला. सामना तिथेच बंद पडला.

आम्ही हे दृश्य टीव्हीवर पाहिले. आम्हाला त्या लाथेपेक्षा मागून निघालेले बाकीचे खेळाडू जास्त आठवतात. अपमान झालेला माणूस ताटावरून उठून जातो, हे आपण पाहिलेले आहे. त्याच्याबरोबर सगळी पंगत उठते, हे किती जणांनी पाहिले आहे?

त्या खेळाडूचे नाव केव्हिन-प्रिन्स बोआटेंग. जन्म ६ मार्च १९८७, बर्लिन. आई जर्मन, वडील घाना या आफ्रिकी देशातून जर्मनीत आलेले. केव्हिन तान्हा असतानाच आईवडील वेगळे झाले. आईने मुले वाढवली ती वेडिंग या भागात. ही बर्लिनमधली कष्टकऱ्यांची, बाहेरून आलेल्यांची वस्ती. तिथे जाळीने बंद केलेल्या सिमेंटच्या चौकात केव्हिन खेळला. वडिलांच्या दुसऱ्या संसारातला त्याचा सावत्र भाऊ जेरोम, दीड वर्षाने लहान, शहराच्या बऱ्या भागात राहायचा आणि खेळायला वेडिंगला यायचा. बाप एक, आया दोन, पण चेंडू एकच, अशी ही भावंडे. दोघेही पुढे हेर्था बर्लिन या क्लबातून वर आले.

केव्हिन संत नव्हता, हेही सांगितले पाहिजे. २००७ मध्ये लंडनच्या टॉटनहॅम क्लबाने त्याला घेतले, पण तिथे त्याला फारसे खेळवलेच नाही. हातात पैसा होता आणि मनात रिकामेपण. एका दिवसात तीन गाड्या विकत घेतल्याचे त्याने पुढे स्वतःच सांगितले. जर्मनीच्या कुमार संघांतून तो खेळला होता, पण २००९ साली युरोपचे अजिंक्यपद जिंकणाऱ्या २१ वर्षांखालील संघात जेरोम होता, केव्हिन नव्हता.

इथे नियमाची एक गोष्ट समजून घेऊ. एका देशाच्या कुमार संघातून खेळलेल्या खेळाडूला आईवडिलांच्या दुसऱ्या देशाकडे जायचे असेल, तर पूर्वी ते वयाच्या २१ वर्षांपर्यंतच जमत असे. फिफा या जागतिक संघटनेने २००९ मध्ये ही वयाची अट काढून टाकली. केव्हिन तेव्हा २२ वर्षांचा होता. त्याने वडिलांचा देश निवडला, जेरोमने आईचा.

मे २०१० मध्ये इंग्लंडच्या एफ. ए. कप अंतिम सामन्यात केव्हिनच्या धसमुसळ्या टॅकलने जर्मनीचा कर्णधार मिखाएल बालाकचा घोटा दुखावला आणि त्याचा विश्वचषक हुकला. जर्मनीत गहजब झाला. दोघा भावांचे बोलणेही बंद झाले. अशा वेळी २३ जून २०१० रोजी जोहान्सबर्गला जर्मनी आणि घाना समोरासमोर आले. विश्वचषकाच्या इतिहासात दोन भाऊ एकमेकांविरुद्ध प्रथमच खेळले. जर्मनीने १-० असा सामना जिंकला, तरी घानाही पुढे गेला. अमेरिकेविरुद्ध पाचव्या मिनिटाला पहिला गोल केव्हिनचा होता. उपांत्यपूर्व फेरीत उरुग्वेच्या सुआरेझने गोलात जाणारा चेंडू हाताने अडवला, पेनल्टी वाया गेली आणि घाना हरला, ते अजून कित्येकांच्या मनातून जात नाही.

मग मिलान. २०११ मध्ये सात वर्षांनी क्लब इटलीचा विजेता झाला, त्यात केव्हिनचा मोठा वाटा. त्याच वर्षी ऑक्टोबरात लेचे संघाविरुद्ध मिलान मध्यंतराला ०-३ ने मागे होता. केव्हिन बदली म्हणून उतरला, १४ मिनिटांत तीन गोल केले आणि सामना ४-३ असा जिंकून दिला. असा खेळाडू होता तो, ज्याला बुस्तोतले टोळके माकड म्हणत होते.

मैदान सोडल्यावर फिफाचे तेव्हाचे अध्यक्ष ब्लाटर यांनी लगेच उपदेश केला की असे पळून जाणे हा उपाय नव्हे. अपमान सोसणाऱ्यालाच शिस्त शिकवायची, ही रीत सगळ्या देशांत एकच दिसते. २१ मार्च २०१३ रोजी, वंशभेदविरोधी दिनी, केव्हिन संयुक्त राष्ट्रसंघाच्या जिनिव्हातील कार्यालयात बोलला. डोकेदुखी आपोआप थांबेल म्हणून वाट पाहावी, तसे आपण बरीच वर्षे या गोष्टीकडे दुर्लक्ष केले, हे त्याने कबूल केले. वंशभेदाची तुलना त्याने मलेरियाशी केली. नुसत्या औषधाने भागत नाही, डास वाढतात ती डबकीच बुजवावी लागतात, असे त्याचे म्हणणे होते. गटाराशेजारी संसार केलेल्या माणसाला हे चटकन पटेल.

मधल्या काळात २० फेब्रुवारीला मिलानने बलाढ्य बार्सिलोनाला २-० ने हरवले. पहिला गोल बोआटेंगचा, दुसरा सुली मुंतारीचा. मुंतारीलाही बुस्तोत तेच आवाज ऐकावे लागले होते. परतीच्या सामन्यात बार्सिलोनाने चार गोल करून हिशेब फिरवला, तो भाग वेगळा.

फिफाने वंशभेदाविरुद्ध कृतिगट नेमला, त्यात केव्हिनलाही घेतले. २०१६ मध्ये काम पूर्ण झाले असे जाहीर करून तो गट गुंडाळला. आम्ही कारकुनीत आयुष्य काढले, समित्या कशा पूर्ण होतात ते आम्हाला ठाऊक आहे. त्याच वर्षी मे महिन्यात जर्मनीतले एक पुढारी आलेक्झांडर गाउलांड यांनी जेरोमविषयी विधान केले. लोकांना तो फुटबॉलपटू म्हणून चालतो, पण शेजारी म्हणून नको, असा त्याचा आशय. जेरोम तेव्हा जर्मनीला २०१४ चा विश्वचषक जिंकून दिलेल्यांपैकी एक होता! भाड्याची खोली बघायला गेल्यावर आधी आडनाव आणि मग 'आत्ताच दिली' हे ऐकलेल्या वाचकांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. त्यानंतरच्या सामन्यात काही प्रेक्षक फलक घेऊन आले, जेरोम, आमच्या शेजारी राहायला ये, म्हणून.

केव्हिनची वाट मात्र वाकडीतिकडीच राहिली. २०१४ च्या विश्वचषकात घानाने त्याला बेशिस्तीबद्दल परत पाठवले. जर्मनी, स्पेन, इटली, तुर्कस्तान असे क्लब बदलत २०२१ मध्ये तो पुन्हा हेर्थात आला, जिथे सात वर्षांचा असताना पहिल्यांदा दाखल झाला होता. मे २०२२ मध्ये हेर्था पहिल्या श्रेणीतून घसरण्याच्या बेतात होती. हांबुर्गविरुद्धच्या निर्णायक सामन्यात ३५ वर्षांचा केव्हिन मैदानात होता, हेर्था २-० जिंकून टिकली. पुढच्या वर्षी ती घसरलीच, आणि केव्हिनने बूट काढून ठेवले.