मदरबोर्डची कैफियत

श्रावणातल्या एका ओल्या सकाळी आमच्या घरातील आठ वर्षांच्या संगणकाने मौन धरले. बटण दाबावे, तर पंखा फिरे, कॅबिनेटवरचा निळा दिवाही लागे. पडदा मात्र काळाच राही. निरोप धाडून बोलावलेल्या कारागिराने झाकण उघडले, आत एकदा विजेरीचा झोत फिरवला आणि ‘बोर्ड गेला, साहेब; आता नवाच घ्या,’ असा निवाडा देऊन तो दोन मिनिटांत जिना उतरलासुद्धा. वैद्यही नाडी पाहिल्याखेरीज मृत्यूचा दाखला देत नाही. तेव्हा या निवाड्यावर अपील करावे असे मी ठरवले, आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत उमेदीची वर्षे घालवलेल्या एका वृद्ध दुरुस्तीकाराला, ज्यांना मी काका म्हणतो, घरी बोलावले.

मदरबोर्डच्या वाट्याला असा अन्याय वारंवार येतो, आणि त्याचे कारण त्याच्या हुद्द्यातच आहे. पूर्वी गावात चोरी झाली, म्हणजे चोर कोणीही असो, जाब पाटलाला द्यावा लागे. त्याचप्रमाणे प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस, डिस्क यांपैकी कोणाचेही काही चुकले, तरी या सर्वांची ये-जा ज्या हिरव्या पाटीवरून चालते तिच्यावरच प्रथम ठपका येतो. वस्तुतः ती पाटी दोषी आहे की नुसती जबाबदार आहे, हे ठरवण्याचा एक शास्त्रशुद्ध मार्ग आहे. परंतु त्याला थोडा धीर लागतो.

काका आले ते कोणतेही हत्यार न काढता खाली बसले. ‘साहेब, हा उठतो कसा ते आधी बघू, म्हणजे अडखळतो कुठं ते आपोआप कळंल,’ एवढेच ते बोलले, आणि तपासाचे अवघे शास्त्र त्या एका वाक्यात येऊन गेले. संगणक जागा होतो तो एका झटक्यात नव्हे, तर पायरीपायरीने, आणि प्रत्येक पायरी मागच्या पायरीच्या हमीवर उभी असते. सबब चौकशीचा क्रमही तोच हवा. त्यांनी डिस्क, कार्डे, वायरी सारे सोडवले, बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवला, आणि प्रोसेसर, रॅमची एक पट्टी व एसएमपीएस एवढाच ऐवज त्यावर शिल्लक ठेवला. कॅबिनेटच्या पत्र्यावरचा एखादा पितळी खुंटा भलत्या जागी असला, तरी तो बोर्डाच्या पाठीला टेकून सर्व व्यवहार बंद पाडू शकतो. पुठ्ठ्यावर ती शंकाच उरत नाही.

पहिली पायरी विजेची. घरातील २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टची एकदिश वीज तयार करून देणे, हे एसएमपीएसचे काम. १९९५ साली इंटेल कंपनीने मुक्रर केलेल्या एटीएक्स पद्धतीप्रमाणे या तिन्हींत पाच टक्क्यांहून अधिक चढउतार चालत नाही, म्हणजे १२ व्होल्टची तार ११.४ च्या खाली उतरली की ती गुन्हेगार. याशिवाय जांभळ्या तारेवर ५ व्होल्टचा एक दाब, संगणक बंद असतानाही, रात्रीच्या पहारेकऱ्यासारखा जागा असतो. आपण बटण दाबतो तेव्हा बोर्ड हिरवी तार भूमीशी जोडतो, आणि मग मुख्य पुरवठा सुरू होतो. पुष्कळ ठिकाणी हिरवी आणि काळी तार वाकवलेल्या क्लिपने जोडतात, आणि पंखा फिरला की एसएमपीएसला निर्दोष सोडून देतात. काकांना ही घाई मान्य नव्हती; रिकाम्या डोक्याने ताठ चालणारा हमाल पोते ठेवल्यावर कसा चालतो, ते पाहावे लागते. म्हणून बोर्ड जोडून चालू असतानाच त्यांनी मल्टिमीटरची टोके जोडणीच्या पाठीमागून आत सारली. आकडा १२.०८ वर स्थिर राहिला. एसएमपीएसची पेटी मात्र त्यांनी उघडली नाही, आणि वाचकांनीही उघडू नये. तिच्यातील कॅपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास भार असतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ तेथे दबा धरून बसू शकतो.

दुसरी पायरी प्रोसेसरच्या उंबरठ्यावरची. प्रोसेसरला १२ व्होल्ट सोसत नाहीत. त्याला जेमतेम सव्वा व्होल्ट लागतो, परंतु त्या सव्वा व्होल्टावर ६५ वॅटचा साधा प्रोसेसरसुद्धा भर कामात ५० अँपियरहून अधिक प्रवाह ओढू शकतो. न्हाणीघरातल्या गीझरसाठी आपण १६ अँपियरचा प्लग बसवतो. तसे तीन प्लग एकत्र केले, तरी हा हिशोब पुरा होत नाही. हे रूपांतर करणारी मॉस्फेट, चोक आणि कॅपॅसिटर यांची रांग प्रोसेसरच्या कडेने उभी असते, आणि तिला चार किंवा आठ टोकांच्या स्वतंत्र जोडणीतून वीज मिळते. ही एक जोडणी नुसती सैल राहिली, तरी पंखे फिरतात, दिवे लागतात, आणि पडदा काळा राहतो.

याच रांगेत मदरबोर्डचे खरे दुखणे डोळ्यांना दिसते. जुन्या बोर्डांवरील कॅपॅसिटर म्हणजे विद्युत्-अपघटनी द्रवात भिजलेल्या कागदासह गुंडाळलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची डबी. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या काही वर्षांत सदोष द्रव भरलेले असंख्य कॅपॅसिटर जगभरच्या बोर्डांवर चढले. त्या द्रवातील पाणी ॲल्युमिनियमला आतून खाऊ लागले, हायड्रोजन वायू साचला, आणि डब्यांची सपाट टाळकी पुरीसारखी फुगून त्यांवर मुद्दाम कोरलेल्या खाचांतून तपकिरी रस पाझरू लागला. द्रव निर्दोष असला, तरी उष्णता त्याचे आयुष्य खातेच. उष्णतेने रासायनिक क्रिया कशा वेगावतात, याचे सूत्र स्वीडिश शास्त्रज्ञ आऱ्हेनियस यांनी १८८९ साली मांडले, आणि त्यातून निघालेला दुरुस्तीकारांचा ठोकताळा असा, की तापमान १० अंशांनी उतरले की कॅपॅसिटरचे आयुष्य दुप्पट होते. १०५ अंशांवर २,००० तास टिकणारी डबी ६५ अंशांवर ३२,००० तास, म्हणजे अखंड चालू ठेवल्यास साडेतीन वर्षांहून थोडी अधिक, टिकेल. पंख्यावरची धूळ झाडणे ही केवळ टापटीप नव्हे, ती बोर्डाची आयुर्मर्यादा वाढवण्याची तजवीज आहे. आमच्या बोर्डावर मात्र नव्या पद्धतीचे, द्रवाऐवजी घन पदार्थ भरलेले कॅपॅसिटर होते, आणि काकांनी त्यांच्या माथ्यांवरून बोट फिरवले तेव्हा ते सारे सपाट लागले.

तिसरी पायरी डोळ्यांना दिसत नाही. सर्व दाब आपापल्या जागी स्थिरावल्यावर एसएमपीएस सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यापासून अर्ध्या सेकंदापर्यंत थांबते, आणि मग राखाडी तारेवरून ‘वीज ठीक आहे’ अशी वर्दी देते. तोपर्यंत प्रोसेसरला दारातच रोखून धरलेले असते. वर्दी मिळताच तो एका ठरलेल्या पत्त्यावर जाऊन बायॉसच्या चिपमधला पहिला हुकूम वाचतो, आणि स्वतःची व सोबत्यांची हजेरी घेऊ लागतो. या हजेरीत कोठे अडले, ते बोर्ड सांगतो. काही बोर्ड दोन अंकांच्या खुणांनी, काही दिव्यांनी आणि बहुतेक शिट्ट्यांनी. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीपासून एक आखूड शिट्टी म्हणजे सर्व कुशल, असा संकेत चालत आला आहे.

‘मग आमचा बोर्ड काहीच का बोलत नाही?’ मी विचारले. काकांनी खिशातल्या डबीतून रुपयाच्या नाण्याएवढा एक स्पीकर काढून चार टोकांच्या जोडणीवर बसवला. ‘बोलंल कसा? त्याला तोंडच दिलं नव्हतं,’ ते म्हणाले. हल्ली बोर्डासोबत हा स्पीकर पुष्कळदा येतच नाही, आणि ज्या साक्षीदाराला जबानीच देता येत नाही, त्याचे मौन हीच अपराधाची कबुली मानली जाते.

तोंड मिळूनही बोर्ड गप्पच राहिला. मग काकांनी एक चमत्कारिक गोष्ट केली: पुरवठा तोडून रॅमची पट्टीच उपटून काढली आणि रॅमविना बोर्ड सुरू केला. क्षणभर शांतता पसरली, आणि मग लांब, कर्कश शिट्ट्या एकामागून एक वाजू लागल्या. काकांचा चेहरा उजळला, आणि त्याचे मर्म मला थोड्या वेळाने कळले. रॅम नाही, ही तक्रार करण्यासाठी प्रोसेसर शुद्धीवर असावा लागतो, त्याचा वीजपुरवठा नीट असावा लागतो, बायॉसची चिप वाचता यावी लागते. रॅम हाती नसताना प्रोसेसर आपल्या पोटातल्या छोट्या कॅश स्मृतीवर भागवून हे आरंभीचे काम उरकतो. त्या शिट्ट्यांनी हे तिन्ही संशयित एकदम निर्दोष ठरले होते. उरली ती रॅमची पट्टी आणि तिची खाच.

पट्टीवर २८८ सोनेरी स्पर्शबिंदू होते. सोने गंजत नाही खरे, परंतु त्याचा मुलामा इतका पातळ असतो, की दमट हवेत त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून खालचा धातू गंजू लागतो, आणि धूळ व बोटांचा तेलकटपणा यांची साय त्यावर धरते. सर्वत्र हे बिंदू खोडरबराने घासण्याचा रिवाज आहे. काका मात्र शुद्ध अल्कोहोलात भिजवलेला फडक्याचा तुकडा हलक्या हाताने फिरवतात, कारण खोडरबर मळाबरोबर सोनेही खरवडते. खाचेत त्यांनी मऊ कुंचला फिरवला, तेव्हा राखट धुळीबरोबर मुंगीचा एक पंख बाहेर आला. पट्टी पुन्हा दाबून बसवली, दोन्ही कड्या ‘कट्’ करून मिटल्या, बटण दाबले. एक आखूड शिट्टी झाली, आणि पडद्यावर अक्षरे उमटली.

त्या अक्षरांत आणखी एक लहानशी कैफियत होती: तारीख कित्येक वर्षांपूर्वीच्या १ जानेवारीवर जाऊन पोहोचली होती. बोर्डावरचे घड्याळ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणाऱ्या स्फटिकावर चालते. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की नेमका एक उरतो, आणि तोच एक सेकंद. प्लग काढलेला असताना त्या स्फटिकाला जागे ठेवणारा ३ व्होल्टचा नाण्यासारखा सेल संपला होता. तो बदलला, तारीख घातली, आणि खटला निकालात निघाला.

काका गेल्यावर मी माळ्यावरून एक जुना बोर्ड खाली काढला. तोही असाच पूर्वी एकाने दोन मिनिटांत बडतर्फ केला होता, आणि आता त्याचीही बाजू ऐकून घ्यावी, असे माझ्या मनात आले. खिडकीपाशी नेऊन तो तिरका धरला, तर प्रोसेसरच्या कडेचे पाच कॅपॅसिटर पुरीसारखे फुगलेले, आणि एकाच्या माथ्यावर वाळलेला तपकिरी थेंब. त्या वेळचा फैसला बरोबर होता. तो देणाऱ्याने या पाच टाळक्यांकडे बोट दाखवले असते, तर तो मलाही तेव्हाच पटला असता.